रोमचं ऊन कागदावर: ब्रेनबर्गच्या पद्धतीने शाईचा वॉश

बार्थोलोमेयस ब्रेनबर्ग हा डच चित्रकार 1619 च्या सुमारास रोमला आला आणि जवळपास दहा वर्षं तिथेच राहिला. तिथले भग्नावशेष आणि आसपासचा परिसर त्याने तपकिरी शाईच्या वॉशने, म्हणजे पाण्याने पातळ केलेली शाई ब्रशने पसरवून, चितारला. ती चित्रं नीट पाहा. पडक्या भिंतींवरचं ते कडक ऊन म्हणजे नुसता कोरा कागद आहे, ब्रश तिथे फिरलेलाच नाही.

सरावासाठी एखादी पडकी कमान निवडा. काळ्या खडूने पुसट रेखाटन करा. मग पेनने मोजक्या रेषा द्या आणि उन्हाकडच्या कडा तुटक ठेवा.

आता वॉश. बहुतेकांचं चित्र इथेच बिघडतं, आणि त्याला ‘हळूहळू थर चढवत जा’ हा सल्ला कारणीभूत आहे. तो मुळीच ऐकू नका. चौथ्या-पाचव्या थराला सावली मळकट होते, तिच्यातून कागद दिसेनासा होतो. फिकट, मध्यम, गडद अशा तीन वाट्या आधीच तयार ठेवा. वाळल्यावर प्रत्येक टोन फिका पडतो, म्हणून हवा त्याहून थोडा गडदच घ्या.

बोर्डाची वरची बाजू चार बोटं उचला. मोठा गोल ब्रश भरून घ्या आणि सावलीच्या वरच्या कडेपासून खाली या. खालच्या कडेला जमणारं पाणी सतत ओलं राहिलं पाहिजे. तेच पुढे ओढत न्यायचं. शेवटी उरलेलं पाणी पिळलेल्या ब्रशने टिपून घ्या. त्यानंतर हात लावायचा नाही! अर्धवट वाळलेल्या वॉशवर ओला ब्रश टेकवलात, तर फुलकोबीसारखे डाग उमटतात आणि ते जात नाहीत.

कमानीच्या पोटातली सावली मात्र एकसारखी काळवंडू देऊ नका. समोरच्या तापलेल्या जमिनीवरचा प्रकाश तिथे परततो, म्हणून वॉश पूर्ण ओला असतानाच त्या भागात थोडं स्वच्छ पाणी सोडा. मला या पद्धतीतली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते.

दूरचे डोंगर पेनशिवाय, फक्त फिकट वॉशने. गडद वाटी अगदी शेवटी, जवळच्या झुडपांसाठी.

उन्हाची जागा चुकून झाकली गेली, तर पांढरा रंग लावून ती परत आणू पाहू नका. नवा कागद घ्या.