गावाकडे स्वतःच्या जिवावर राहायचंय? मग जमिनीच्या आधी तालुका पारखा

पुण्या-मुंबईकडची बरीच मंडळी हल्ली विचारतात की एक-दोन एकर घ्यायचेत, स्वतःचं धान्य, स्वतःचं पाणी, उद्या लाईट गेली, रस्ते बंद पडले, परत लॉकडाऊन लागला तरी घर चाललं पाहिजे, तर कुठे घेऊ? आणि सोबत फोटो येतात, हिरवंगार शिवार, मागे डोंगर, बाजूने ओढा वाहतोय. हे सगळे फोटो ऑगस्टमधले असतात. कळकळीने सांगतो, आधी मे महिन्यात जा, आणि प्लॉट बघायच्या आधी अख्खा तालुका फिरा.

सुरुवात पाण्यापासून. जिल्ह्याची पावसाची सरासरी बघून काहीच कळत नाही. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला 5000 मिमीच्या वर पाऊस आणि माण तालुक्यात जेमतेम 500 च्या आसपास, मग सरासरी घेऊन करायचं काय? तालुक्याचे आणि जमलं तर महसूल मंडळाचे (तालुक्यातल्या काही गावांचा गट) आकडे काढा, कृषी खात्याच्या साईटवर मिळतात, आणि त्यात चांगली वर्षं नाही तर पडलेली वर्षं शोधा. बरं पाऊस भरपूर म्हणजे पाणी भरपूर असंही नाही. कोकणात 3000 मिमी पडूनही एप्रिल-मेमध्ये कितीतरी वाड्यांवर टँकर जातो, कारण जांभ्या दगडातून आणि उतारावरून पाणी थांबतच नाही. उलट नगर तालुक्यातलं हिवरे बाजार बघा, पाऊस 400 मिमीच्या आसपास, पण तिथे दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात, शेतीला बोअर घ्यायला बंदी, ऊस-केळी लावत नाहीत, म्हणून गाव टिकलं. म्हणजे शेजारचे लोक पाणी कसं वापरतात हे पावसाइतकंच महत्त्वाचं. आजूबाजूला सगळा ऊस आणि प्रत्येक बांधावर बोअर असेल तर तुमची विहीर नावालाच तुमची, पाणी सगळ्यांचं खालून एकच आहे. भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे प्रत्येक पाणलोटाची नोंद असते, अतिशोषित, म्हणजे मुरतं त्याहून जास्त पाणी उपसलं जातं असं लिहिलेलं असेल तर तिथे थांबूच नका.

मे मध्ये गेल्यावर विहिरीत नीट वाकून बघा. भिंतीवर पाण्याच्या पातळीचे पांढरट पट्टे दिसतात, वरचा पट्टा दिवाळीच्या आसपासचा, तिथून पाणी किती खाली गेलंय ते डोळ्यांनी मोजा. मुरूम कुठे संपला आणि काळा कातळ कुठे लागला तेही दिसतं. मग मालकाला दोनच गोष्टी विचारा, मोटर किती वेळात हवा धरते, म्हणजे पाणी संपून नुसती हवा ओढते, आणि बंद केल्यावर पाणी परत यायला किती तास लागतात. मालक विकायला बसलेला असेल तर खरं उत्तर शेजारच्या बाईकडून मिळेल, पाणी कुठून आणि किती लांबून आणावं लागतं हे तिच्याइतकं कोणालाच माहीत नसतं.

एक साधा हिशोबही करून ठेवा. 100 चौरस मीटर छपरावर 500 मिमी पाऊस म्हणजे 50,000 लिटर, गळती वगैरे धरून 40,000 तरी हाती लागतं. जलजीवन मिशनचं माणशी रोजचं 55 लिटर धरलं तर चौघांना 220 लिटर, म्हणजे नुसत्या छपरावर सहा महिने निघतात, टाकी तेवढी बांधली तर. त्यामुळे कमी पावसाचा तालुका लगेच बाद करायची गरज नाही.

नंतर संकटांचा इतिहास. माळीण 2014, तळिये 2021, इर्शाळवाडी 2023, तिन्ही गावांवर दरड कोसळली, तिन्ही जुलैमध्ये, तिन्ही डोंगराच्या पोटाशी. त्यामुळे फोटोतला तो मागचा डोंगर किती उभा आहे, वर चर-खणणं झालंय का, हे बघितल्याशिवाय घराची जागा ठरवू नका. नदीकाठी असाल तर शिरोळला 2019 ला आणि चिपळूणला 2021 ला पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते लोक भिंतीवर हात लावून दाखवतात. लातूर-धाराशिवकडे जुनं दगड-मातीचं घर घेताना 1993 चा किल्लारीचा भूकंप आठवा, त्या जाड भिंतीच माणसांच्या अंगावर आल्या. आणि किनारपट्टीला निसर्ग वादळानंतर, 2020 ला, काही गावांत कित्येक आठवडे लाईट नव्हती. सोलर घ्याच, पण डीपी (गावाचा ट्रान्सफॉर्मर) जळाली की किती दिवसांत बदलून मिळते हे वायरमनला विचारून घ्या, तो तालुक्याची नस ओळखतो.

खाण्याचं म्हणाल तर मोटर न लावता तिथे काय पिकतं ते बघा. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात रब्बी ज्वारी नुसत्या ओलीवर येते, सह्याद्रीच्या उतारावर नाचणी-वरई येते आणि नाचणी नीट वाळवली तर वर्षानुवर्षं टिकते. टोमॅटो-ढोबळी मिरचीच्या भरवशावर कोणी स्वावलंबी होत नाही. कोकणात माकडं आणि रानडुकरं किती नुकसान करतात ते मात्र आधीच विचारा. पिठाची गिरणी, लोहार, तेलघाणा, आठवडी बाजार पायी जाण्याच्या अंतरावर असले तर फार मोठा आधार.

दवाखाना अनेकजण विसरतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यातलं काहीही चावलं तर मिनिटं मोजावी लागतात, त्यामुळे जवळच्या ग्रामीण रुग्णालयात स्वतः जाऊन विचारा की प्रतिविष आहे का आणि रात्री डॉक्टर असतात का. महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून विंचूदंशाचे मृत्यू कमी केले, एक जाणता डॉक्टर असला तर तालुका किती बदलतो बघा. आणि तो रस्ता एकदा पावसाळ्यात, अंधार पडल्यावर गाडीने जाऊन बघा, फरशी पुलावर पाणी येतं का ते तेव्हाच कळेल.

कागदांचं थोडक्यात: तुम्ही शेतकरी नसाल तर महाराष्ट्रात शेतजमीन सरळ घेता येत नाही. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 2 (विकायला सरकारी परवानगी लागणारी जमीन) किंवा इतर हक्काच्या रकान्यात वनाची नोंद असेल तर वकिलाला दाखवल्याशिवाय इसार देऊ नका. रस्ता नकाशावर आहे की नुसता वहिवाटीचा, हेही तलाठ्याकडे तपासा, जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली तहसीलदाराकडे रस्ता मागता येतो पण त्यात वर्षं जातात आणि शेजाऱ्याशी कायमचं वाकडं येतं.

शेजारी हाच शेवटी सगळ्यात मोठा साठा आहे, रात्री-अपरात्री उठून येणारा. म्हणून पैसे गुंतवण्याआधी त्याच गावात भाड्याने घर घ्या, एक पावसाळा आणि एक मे महिना काढा, ग्रामसभेला बसा, पाण्यावरून कोण कोणाशी भांडतं ते ऐका. गावाने टाकी, बंधारा, पाणंद रस्ता यातलं काही एकत्र येऊन केलेलं दिसलं तर त्या गावात जमीन थोडी महाग पडली तरी घ्या.