आधी उजेड, मग माप, शेवटी खरेदी: उतारवयात घर आणि पेहराव कमी खर्चात सुधारताना

साठीच्या आसपास घराकडे आणि कपड्यांच्या कपाटाकडे जरा निरखून पाहिले, तर पुष्कळ स्त्रियांना दोन्हीकडे एकच गोष्ट जाणवते. वस्तू भरपूर आहेत, पण त्यांतल्या बऱ्याचशा आजच्या आपल्यासाठी नसून पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या आपल्यासाठी आहेत. सोफा मोठ्या कुटुंबाच्या गर्दीसाठी घेतलेला असतो, कपडे नोकरीच्या धावपळीतले असतात, आणि काही बदलायचे म्हटले की खर्चाचा आकडा डोळ्यांसमोर उभा राहतो. हा खर्च बहुधा क्रम चुकल्यामुळे फुगतो, कारण आपण थेट खरेदीपासूनच सुरुवात करतो. त्याऐवजी आधी उजेड सुधारावा, मग मापे घ्यावीत, त्यानंतर रंगांकडे वळावे आणि एवढे करूनही जे कमी पडेल तेवढेच विकत आणावे. हा क्रम खोलीला जसा लागू पडतो तसाच पेहरावालाही, आणि त्यातली पहिली दोन कामे जवळजवळ फुकटात होतात.

उजेड

वय वाढते तसे डोळ्याचे भिंग पिवळसर होत जाते आणि बाहुली पूर्वीइतकी उघडत नाही. परिणामी साठीतल्या डोळ्याच्या आतल्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या मानाने साधारण एक तृतीयांश उजेड पोहोचतो. त्यामुळे खोली काळवंडली, भिंती मळल्या, कपडे विटले असे वाटू लागते, तेव्हा दोष भिंतीचा किंवा कपड्याचा असेलच असे नाही. रंगाऱ्याला बोलावण्यापूर्वी खिडकीच्या काचा पुसून घ्याव्यात, खिडकीसमोरचे उंच सामान हलवावे आणि पडद्याची दांडी चौकटीपेक्षा दोन्ही बाजूंना वीतभर लांब बसवावी, म्हणजे उघडलेला पडदा काचेवर न राहता भिंतीवर सरकतो. (रंग अचानक फिके दिसू लागले असतील किंवा दिव्यांभोवती वलये दिसत असतील, तर मात्र नवा दिवा घेण्याआधी डोळे तपासून घ्यावेत.)

दिवा घेताना खोक्यावर वॅट न पाहता ल्युमेन, म्हणजे उजेडाचे माप, पाहावे. जुना ६० वॅटचा तारेचा दिवा सुमारे ८०० ल्युमेन उजेड देत असे; तेवढाच उजेड एलईडी दिवा ८ ते १० वॅटमध्ये देतो. उजेडाची छटा केल्विनच्या आकड्याने कळते: बसण्याच्या व झोपण्याच्या खोलीत २७०० ते ३००० केल्विनचा उबदार उजेड बरा वाटतो, तर चिरणे, शिवणे, वाचणे अशा कामांच्या जागी ४००० केल्विनच्या आसपासचा पांढरा उजेड सोयीचा पडतो. छताला एकच प्रखर दिवा लावण्याचा मोह टाळावा. वयस्क डोळ्यांना उजेड जास्त लागतो हे खरे, पण चकाकीचा त्रासही त्यांनाच अधिक होतो. म्हणून उजेड वाढवायचा तो दिव्यांची संख्या वाढवून आणि प्रत्येक दिव्याला झाकण देऊन. पलंगापासून स्नानगृहापर्यंतच्या वाटेवर हालचाल होताच उजळणारे दोन-तीन छोटे दिवे लावले, तर त्या खर्चाचे चीज पहिल्याच रात्री होते.

आरशाजवळचा दिवा हा घराचा आणि पेहरावाचा सामाईक विषय आहे, आणि नेमके त्याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. डोक्यावरचा दिवा डोळ्यांखाली आणि हनुवटीखाली सावल्या पाडतो. त्या उजेडात स्वतःकडे पाहणारी कोणतीही स्त्री थकलेलीच दिसते, आणि मग सौंदर्यप्रसाधनांवर नाहक पैसे जातात. चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना, डोळ्यांच्या उंचीवर दोन साधे दिवे असावेत. त्यांच्या खोक्यावरचा सीआरआय हा आकडा ९० किंवा त्याहून अधिक असावा, म्हणजे त्वचेचे आणि कापडाचे रंग जसे आहेत तसे दिसतात.

मापे

घरातले पहिले माप खुर्चीचे. तळपाय पूर्ण टेकवून आणि गुडघे काटकोनात ठेवून बसावे, आणि गुडघ्याच्या मागच्या खोबणीपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. रोजच्या बैठकीचे आसन तेवढ्याच उंचीचे किंवा दोन बोटे अधिक उंच असावे आणि तिला दोन्ही बाजूंना हात असावेत. जुना सोफा खचला असेल तर तो टाकण्याची घाई नको. गादीखाली जाड प्लायवूडची फळी सरकवली तर आसन घट्ट होते, आणि पायांखाली खोबणीचे भक्कम ठोकळे बसवले तर उंची वाढते. ठोकळे चारही पायांना सारखे हवेत आणि सोफा भिंतीला टेकलेला हवा, एवढे पथ्य पाळावे.

दुसरे माप हाताच्या पल्ल्याचे. रोज लागणाऱ्या वस्तू कमरेपासून खांद्यापर्यंतच्या पट्ट्यात याव्यात, जड वस्तू त्याच्या खालच्या भागात, आणि वर्षातून दोनदा लागणाऱ्या वस्तूंनी वरच्या फळ्या भराव्यात. या एका फेरमांडणीत पैसा लागत नाही, फक्त एक दुपार आणि वर चढायला दुसरे कोणी लागते. खुर्चीवर किंवा डळमळत्या स्टुलावर स्वतः उभे राहून घर सुधारण्यात काहीही शहाणपणा नाही. कपाटांच्या गोल मुठी बोटांना जड जात असतील तर त्या जागी लांबट हँडल लावावीत, पण दुकानात जाण्याआधी जुन्या हँडलच्या दोन भोकांमधले अंतर मध्यापासून मध्यापर्यंत मिलिमीटरमध्ये मोजून न्यावे. ९६ आणि १२८ ही त्यातली नेहमीची मापे आहेत. माप जुळले तर नवी भोके पाडावी लागत नाहीत आणि काम एका स्क्रू ड्रायव्हरवर उरकते.

स्नानगृहातील आधाराच्या दांडीबाबत मात्र काटकसर करू नये. टॉवेलची दांडी टॉवेलसाठी असते, माणसाच्या वजनासाठी नव्हे. हवेच्या दाबाने फरशीला चिकटणारी मूठ स्वस्त पडते, पण फरशीच्या सांध्यावर किंवा साबणाच्या थरावर ती केव्हा सुटेल याचा भरवसा नसतो. भिंतीत पक्की बसवलेली, ३२ ते ३८ मिलिमीटर जाडीची आणि भिंतीपासून सुमारे ३८ मिलिमीटर अंतरावर असलेली दांडी हाताच्या पकडीत नीट येते. ती बसवण्याचे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे, कारण भिंतीच्या प्रकाराप्रमाणे स्क्रूंची आणि प्लगची निवड बदलते. घरभर पसरलेले छोटे गालिचे एकतर काढून टाकावेत किंवा त्यांच्याखाली न घसरणारी जाळी अंथरावी.

आता स्वतःची मापे. चाळिशीनंतर दर दहा वर्षांना साधारण एक सेंटिमीटर उंची कमी होत जाते, पाठीचा बाक बदलतो, कमरेचा घेर खाली-वर होतो. त्यामुळे दहा वर्षांपूर्वी बेतशीर बसणारा कपडा आज मागून वर उचलला जातो आणि पुढून लोंबतो. कपडा जुना झाला असे आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात तो फक्त आपल्याला थोडा लांब झालेला असतो. उंची, खांदे, छाती, कंबर, बाही आणि पावले अशी मापे दुसऱ्या कोणाकडून घेऊन एका कागदावर लिहून ठेवावीत आणि कपाटातला एकेक कपडा त्याच्याशी ताडून पाहावा.

येथे शिंप्याकडे काय न्यावे आणि काय नेऊ नये हे ठरवणे महत्त्वाचे आहे. लांबी कमी करणे, बाही आखूड करणे, बाजूच्या शिवणी आत घेणे किंवा आत कापड शिल्लक असल्यास सैल करणे ही स्वस्त व खात्रीची कामे आहेत. खांदा उतरवणे हे अवघड आणि महागडे काम आहे, कारण त्यासाठी बाही पूर्ण उसवून पुन्हा बसवावी लागते. तेव्हा ज्या कपड्याची खांद्याची शिवण जागेवर बसते तो दुरुस्त करण्याजोगा समजावा. जिथे ती दंडावर उतरते, तो कपडा कितीही आवडता असला तरी घरात वापरायला काढावा. अंतर्वस्त्रांचे मापही नव्याने घ्यावे. तिथे खरा आधार खांद्यावरच्या पट्ट्यांनी नव्हे, तर छातीखालच्या पट्ट्याने मिळायला हवा. खांद्यांवर वळ उठत असतील तर माप चुकले आहे असे समजावे.

पावलांचे माप तर बहुतेक जणी तारुण्यात एकदा घेतात आणि जन्मभर तोच आकडा सांगत राहतात. वयाबरोबर पावलाचे बंध सैल होऊन पाऊल रुंद आणि काही वेळा लांबही होते. म्हणून चप्पल-बूट सायंकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, उभे राहून आणि दोन्ही पायांत घालून पाहावेत. सर्वांत लांब बोटापुढे बोटभर जागा राहावी, टाच मागून बांधलेली असावी आणि तळ फार जाड व मऊ नसावा, कारण गुबगुबीत तळव्यातून पायाला जमिनीचा अंदाज येत नाही.

रंग

खोली रंगवण्याआधी फरकाचा विचार करावा. पायरीची कड, दाराची चौकट, विजेचे बटण आणि स्नानगृहातील आसन या चार गोष्टी भोवतालच्या रंगापेक्षा ठळक दिसायला हव्यात. सगळे घर एकाच मंद पांढुरक्या छटेत बुडवण्याची पद्धत छायाचित्रात देखणी दिसते, पण पायरी कुठे संपते हे त्यात कळत नाही, विशेषतः वर दूरचे आणि खाली जवळचे दाखवणारा चष्मा असेल तर खाली पाहताना कड धूसर होते. पायरीच्या कडेला न घसरणारी गडद पट्टी चिकटवणे हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

रंगाचा खर्च कमी ठेवायचा असेल तर सगळी खोली न रंगवता जिच्याकडे तोंड करून आपण रोज बसतो ती एक भिंत निवडावी. १ लिटर रंगात एका हाताचे साधारण १० ते १२ चौरस मीटर काम होते. म्हणजे ४ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच भिंतीला दोन हात द्यायला २ लिटरहून थोडा अधिक रंग लागेल. आधी पुठ्ठ्याच्या मोठ्या तुकड्यावर नमुना लावून तो सकाळी, दुपारी आणि दिव्याच्या उजेडात भिंतीशी धरून पाहावा. जुने लाकडी सामान रंगवताना धुणे, पॉलिश पेपर मारणे आणि प्रायमर देणे यांपैकी एकही पायरी गाळू नये. मात्र सामान फार जुने असेल तर त्याच्या रंगात शिसे असू शकते, अशा वेळी ते कोरडे घासून धूळ उडवणे टाळावे.

पेहरावातील रंगांबाबत ‘वयाला शोभेल असे फिके काहीतरी घाला’ हा सल्ला मला मुळीच पटत नाही. केस पांढरे झाले की केस आणि चेहरा यांच्यातला फरक कमी होतो, आणि त्यात कपडाही फिका असेल तर चेहरा हरवतो. कोणता रंग खुलतो हे ठरवायला खिडकीजवळ उभे राहून एकेक कापड हनुवटीखाली धरावे आणि कापडाकडे न पाहता चेहऱ्याकडे पाहावे. डोळ्यांखालच्या सावल्या गडद झाल्या तर तो रंग कमरेखाली वापरावा, आणि चेहरा उजळला तर तो गळ्याजवळ आणावा. ज्या महागड्या कपड्याचा रंग आता साथ देत नाही, त्याच्यावर खुलणाऱ्या रंगाचा गळपट्टा घेतला तरी काम भागते. पांढरे केस पिवळट दिसत असतील तर जांभळट छटेचा शांपू आठवड्यातून एकदा पुरे होतो, कारण जांभळा रंग पिवळेपणा मारतो. काळे आणि गडद निळे कपडे मात्र दिवसाउजेडीच वेगळे करून ठेवावेत. दिव्याच्या उजेडात या दोहोंतला फरक ओळखणे वयाबरोबर कठीण होत जाते.

खरेदी

एवढे झाल्यावर यादी आपोआप लहान होते. उरलेल्या वस्तूंची किंमत ठरवताना ती किती वेळा वापरली जाईल याने भागून पाहावे. रोजची पादत्राणे, चष्म्याची चौकट आणि वाचनाचा दिवा यांवर मोकळ्या हाताने खर्च करावा, समारंभाच्या कपड्यावर हात आखडावा. बटणे लावताना बोटे दुखत असतील तर कपड्याला चेन (झिप) असल्यास तिच्या टोकाला कडी अडकवावी किंवा दिसायला बटण आणि आत चिकटपट्टी (वेल्क्रो) अशी सोय करून घ्यावी. लोहचुंबकाची बटणे आणि गळ्यातल्या दागिन्यांच्या चुंबकी फाशा सोयीच्या असल्या, तरी हृदयाजवळ पेसमेकर बसवलेला असेल तर त्या वापरू नयेत. कानाच्या पाळ्या वयाबरोबर ओघळतात, तेव्हा जड कर्णभूषणांऐवजी हलकी घ्यावीत.

कपाटातून बाद झालेल्या कपड्यांपैकी ज्यांचे कापड अजून घट्ट आहे ते बाजूला ठेवावेत. खांदा उतरलेल्या पण रंगाने सुंदर असलेल्या कपड्याच्या पाठीतून उशीचा अभ्रा सहज निघतो, आणि पुढची बटणपट्टी तशीच राखली तर चेन शिवण्याचे कामही वाचते. ताणले जाणारे कापड असेल तर त्याला आतून साध्या सुती कापडाचे अस्तर लावावे, नाहीतर चार धुण्यांत अभ्र्याचा आकार जातो.