टर्नटेबलमध्ये हमिंग येतंय? आधी या चुका टाळा

रेकॉर्ड लावताना स्पीकरमधून हमिंग, म्हणजे सतत घूं असा आवाज आला की लोक लगेच नवी केबल ऑर्डर करतात, तिने गेलं नाही की नवा फोनो प्रीअँप (टर्नटेबलचा क्षीण सिग्नल वाढवणारा भाग, यालाच फोनो स्टेजही म्हणतात), आणि तरी घूं चालूच. अरे, घूं कुठून येतेय ते तर आधी शोधा!

सगळ्यात घातक चूक म्हणजे अँपच्या प्लगची अर्थ पिन काढून टाकणं. हे कुणी सुचवलं तर ऐकूच नका. एका मित्राने हेच केलं होतं, घूं गेली म्हणून खूश होता, मी रेकॉर्ड बदलायला टोनआर्मला (सुई धरणाऱ्या दांड्याला) हात लावला तर बोटांना झिणझिण्या. कारण टोनआर्म ग्राउंड वायरने अँपच्या चासीला, म्हणजे धातूच्या बॉडीला जोडलेला असतो, अर्थ काढलात की चासीवरचा लीकेज करंट जाणार कुठून, तुमच्या हातातून, आणि आत इन्सुलेशन फाटलं तर थेट मेन्सचा झटका. पिन परत लावायला लावली, घूं परत आली, मग एकेक केबल काढत गेलो. रेकॉर्डिंगसाठी कॉम्प्युटर अँपला जोडलेला होता, त्याला स्वतःचा अर्थ वेगळ्या सॉकेटमधून, म्हणजे ग्राउंड लूप: दोन अर्थ आणि मधली केबल मिळून एक वेढा बनतो, त्यातून घूं शिरते. ती केबल काढली आणि एकदम शांत. केबल परत लावून अँप आणि कॉम्प्युटर दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घेतल्यावर बरीच कमी झाली, उरलेली त्या ऑडिओ केबलमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (सिग्नल जाऊ देतो, पण दोन्हीकडचे ग्राउंड वेगळे ठेवतो) टाकून घालवली. अर्थ शाबूत!

दुसरी चूक, टर्नटेबलची ग्राउंड वायर अँपच्या ग्राउंड स्क्रूला न जोडता नुसती गुंडाळून ठेवणं. मूव्हिंग मॅग्नेट प्रकारची कार्ट्रिज (सुई बसवलेला, सिग्नल तयार करणारा भाग) जेमतेम 3 ते 5 मिलिव्होल्ट देते, फोनो स्टेज ते साधारण 100 पट वाढवते, आणि आरआयएए इक्वलायझेशनमुळे (रेकॉर्ड कापताना कमी केलेला खालचा आवाज परत वाढवणं) 50 हर्ट्झला त्याच्याही सातेक पट जास्त, त्यामुळे मेन्सची बारीकशी घूंही मोठी होऊन ऐकू येते. स्क्रू घट्ट आहे एवढ्यावर समाधान मानू नका, खाली रंग किंवा गंज असतो, तो खरवडा. टोनआर्म मेटलचा असेल तर मी नेहमी टर्नटेबलचा प्लग काढून मीटर लावतो, आर्मपासून वायरच्या टोकापर्यंत जवळपास शून्य ओहम दिसलं पाहिजे.

एकाच चॅनेलला घूं? पॉवर बंद करून अँपकडे लेफ्ट-राइट प्लग अदलाबदल करा, घूं बाजू बदलते तर दोष टर्नटेबलकडे, नाहीतर अँपमध्ये. टर्नटेबलकडे असेल तर हेडशेलच्या (आर्मच्या टोकाला कार्ट्रिज बसते त्या भागाच्या) लाल, हिरव्या, पांढऱ्या, निळ्या वायर बघा, क्लिप सैल होते. कार्ट्रिजच्या पिनला सोल्डर मात्र कधीच करू नका, उष्णतेने आतली कॉइल जाते.

टर्नटेबल काढलं तरी घूं येते म्हणून अँपला दोष देऊ नका, मोकळ्या फोनो इनपुटवर ती येतेच, इनपुटला शॉर्टिंग प्लग (आतली दोन टोकं जोडलेला प्लग) लावून मग ठरवा.

आर्म आत सरकतो तशी घूं वाढते? मग बहुधा जवळच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र कार्ट्रिज पकडतेय, अँप किंवा अडॅप्टर लांब सरकवा, केबल बदलून काही होणार नाही.

आणि सुई रेकॉर्डवर असतानाच, व्हॉल्यूम वाढवला की वाढत जाणारी घुमघुम येत असेल तर ते हमिंगच नाही, तो फीडबॅक आहे, म्हणजे स्पीकरचा हादरा सुईपर्यंत पोचून परत स्पीकरमधूनच येतोय. ग्राउंड वायरशी झटापट करण्यात वेळ घालवू नका, स्पीकर त्याच टेबलावर असतील तर तिथून उचला.