जुनी पोलीस केस अंगावरून कशी उतरवायची (खास सोलापूरकरांसाठी)

अर्ज दिला, फी भरली आणि रेकॉर्ड पुसलं, असं काही असतं हे पहिलं डोक्यातून काढा. अमेरिकेत तशी सोय आहे, आपल्या कायद्यात मोठ्या माणसांसाठी नाही, त्यामुळं कोर्टाच्या आवारात कुणी "पैसे द्या, नाव काढून देतो" म्हणाला तर त्याचा चहा प्या आणि घरी या. आपल्याकडं केस संपवता येते आणि संपल्याचा कागद पोलिसांच्या रेकॉर्डला लावता येतो, एवढंच. बऱ्याच जणांचं नेमकं हे दुसरं, कागद लावायचं काम राहिलेलं असतं.

माझ्या आत्याच्या पोराचं तेच झालं. गड्ड्याच्या जत्रेत गाडी लावण्यावरून मारामारी, गुन्हा दाखल, नंतर कोर्टात निर्दोष सुटला, सगळ्यांना पेढे वाटले. काही वर्षांनी पुण्यात नोकरी लागली, कंपनीनं चारित्र्य पडताळणी मागितली तर ठाण्याच्या रेकॉर्डला केस अजून चालूच! निकाल कोर्टात झाला पण ठाण्याच्या वहीत कुणी चढवलाच नव्हता.

म्हणून आधी आपल्यावर नेमकं काय आहे ते बघा. एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद, चॅप्टर केस म्हणजे शांतता राखायचा बाँड, ही दोन्ही म्हणजे शिक्षा नव्हे. एफआयआर असेल तर ई-कोर्ट्सच्या ॲपवर नावानं नाहीतर एफआयआर नंबरानं शोधा, सीएनआर नंबर (केसचा कोर्टातला स्वतंत्र नंबर) लिहून ठेवा. कधी कधी तपासातच 'बी' नाहीतर 'सी' समरी (पोलिसांचा तपास बंद करायचा अहवाल) झालेली असते, म्हणजे तक्रार खोटी निघाली किंवा गैरसमजातून झाली, आणि कोर्टानं ती मंजूर केली असेल तर तिथंच विषय संपलेला असतो, आपल्याला पत्ताच नसतो.

केस अजून चालू असेल आणि समोरचा मिटवायला तयार असेल तर कलमं बघा. जुन्या आयपीसीची (भारतीय दंड विधान) 323 (मारहाण), 504 (मुद्दाम अपमान), 506 (धमकी) असली कलमं कोर्टातच आपसात मिटतात, लोकअदालतीतही मिटतात, आणि त्याचा परिणाम निर्दोष सुटल्यासारखाच असतो. पण त्यात 324 असेल (हत्यारानं मारहाण) तर ते खालच्या कोर्टात मिटत नाही, तिथं हायकोर्टात एफआयआर रद्द करून घ्यायला जावं लागतं. पूर्वी त्यासाठी सीआरपीसीचं (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम 482 होतं, 1 जुलै 2024 पासून बीएनएसएसचं (तिच्या जागी आलेली नागरिक सुरक्षा संहिता) 528 आहे. आधी सोलापूरकराला त्यासाठी मुंबई गाठावी लागायची, ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच झालंय आणि आपला जिल्हा त्यातच येतो. फिर्यादीचं संमतीचं प्रतिज्ञापत्र लागतं, एफआयआर आणि चार्जशीटच्या प्रती लागतात. खून, बलात्कार, दरोडा असल्या गुन्ह्यात समझोत्यावर केस रद्द होत नाही, सुप्रीम कोर्टानं 2012 लाच ग्यान सिंगच्या निकालात सांगून ठेवलंय.

आता सगळ्यात फसणारी जागा. जुगारात सापडला, वकील म्हणाला "कबूल कर, दंड भर, आजच मोकळा होशील" आणि पोरगं खुश होऊन घरी. अहो ती शिक्षाच झाली की! कबुली दिल्यावर अपीलही जवळजवळ उरत नाही. अशा वेळी 1958 च्या प्रोबेशन कायद्याचा (शिक्षेऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडायचा) फायदा मागायचा असतो, कारण त्याच्या कलम 12 नं शिक्षेमुळं येणारी अपात्रता लागत नाही. पण हे कबुलीच्या दिवशीच वकिलाला सांगा, नंतर ते अवघड होतं. गुन्ह्याच्या वेळी वय 18 च्या आत असेल तर गोष्ट वेगळी, बालन्याय कायद्याच्या कलम 24 नं रेकॉर्ड नष्टच करायचं असतं, फक्त 16 ते 18 मधल्या पोरावर घोर गुन्ह्यात मोठ्या माणसासारखा खटला चालून तो दोषी ठरला असेल तर ते सोडून. खरं पुसणं म्हणतात ते हेच.

केस संपली की निकालाच्या सही-शिक्क्याच्या नकला काढा, एक नाही, चार. एक घेऊन ज्या ठाण्यात गुन्हा दाखल होता तिथल्या वरिष्ठ निरीक्षकांच्या नावे साधा अर्ज द्या की निकालाची नोंद घ्यावी आणि सीसीटीएनएसला (पोलिसांची संगणकावरची गुन्हे-नोंद) अपडेट करावी. पोच घेतल्याशिवाय उठू नका. दुसरी प्रत शहरातली केस असेल तर आयुक्तालयात, बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटकडची असेल तर ग्रामीण एसपी ऑफिसला. थोडे दिवस जाऊ द्या, मग चारित्र्य पडताळणीचा अर्ज ऑनलाईन परत टाका. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयातच विधी सेवा प्राधिकरण आहे, बायकांना आणि एससी-एसटींना उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो.

नोकरीच्या फॉर्मवर केसबद्दल विचारलं तर लपवू नका. अवतार सिंगच्या 2016 च्या निकालात सुप्रीम कोर्टानं यावर सविस्तर सांगितलंय, किरकोळ केस खरी सांगितली तर मालक नोकरी देऊ शकतो, लपवलेली सापडली तर लागलेली नोकरीही जाऊ शकते. आत्याच्या पोरानं निर्दोषचा निकाल जोडून खरं लिहिलं, दोन महिने अडकला, पण जॉइन झाला.