गुंतलेल्या फोटॉनांचा प्रयोग करताना या चुका टाळा

४०५ नॅनोमीटरचा लेझर बीबीओच्या (बेरियम बोरेटच्या) जोड-स्फटिकातून सोडला की फार थोड्या फोटॉनांपासून ८१० नॅनोमीटरच्या जोड्या तयार होतात आणि दोन डिटेक्टर त्यांची एकाच वेळी नोंद करतात. एक फोटॉन आडव्या ध्रुवीकरणाचा (कंपनदिशेचा) निघाला की दुसराही तसाच निघतो, एवढे पाहूनच ‘एंटँगलमेंट (फोटॉनांचे गुंतलेपण) सिद्ध झाले’ असे जर्नलमध्ये लिहून टाकणे ही सर्वांत मोठी चूक होय. आडव्या-आडव्या आणि उभ्या-उभ्या जोड्यांच्या साध्या मिश्रणातूनही हेच आकडे मिळतात. डिटेक्टरांपुढचे दोन्ही पोलरायझर (ठरावीक ध्रुवीकरणाचाच प्रकाश सोडणाऱ्या चाळण्या) ४५ अंशांवर नेल्यावरच खरा फरक कळतो, कारण तेथे मिश्रणाचा परस्परसंबंध नाहीसा होतो आणि सुपरपोझिशनचा, म्हणजे दोन्ही शक्यता एकत्र असलेल्या गुंतलेल्या अवस्थेचा, टिकतो. तेथे तो क्षीण दिसल्यास स्फटिकाआधीची वेव्हप्लेट (ध्रुवीकरणावर परिणाम करणारी चकती) किंचित कलती करून या दोन घटकांमधील कलांतर (लहरींच्या टप्प्यांतील फरक) जुळवावे.

कलांतर जुळूनही दृश्यता (जुळलेल्या नोंदींच्या कमाल व किमान आकड्यांतील फरक भागिले त्यांची बेरीज) कमीच राहिली, तर योगायोगाने जुळणाऱ्या नोंदी तपासाव्यात. दोन्ही डिटेक्टर सेकंदाला ५०,००० नोंदी देत असतील आणि जुळणीचा अवधी (ज्यात आलेल्या दोन नोंदी एकाच वेळच्या मानतात तो) १० नॅनोसेकंद असेल, तर सेकंदाला २५ खोट्या जोड्या आपसूक मिळतात. खऱ्या जोड्या जास्तीत जास्त २०० असल्यास निर्दोष एंटँगलमेंटचीही दृश्यता ८० टक्केच भरते. बेलची असमानता (गुंतलेपणाशिवाय ओलांडता न येणारी परस्परसंबंधाची मर्यादा) मोडण्यासाठी ती साधारण ७१ टक्क्यांच्या वर हवी, म्हणजे हाताशी उरलेली जागा थोडीच. भटका प्रकाश खोट्या जोड्या वाढवतो, म्हणून ट्यूबलाइट, मॉनिटर, दाराखालची फट, सगळे झाका.

कोकण किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळेत पावसाळ्यात वेगळीच अडचण उभी राहते. एसी २२ अंशांवर असतो आणि बाहेरच्या हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला बाष्पाचे पाणी होते तो) त्याच्याही वर गेलेला असतो, त्यामुळे दार उघडताच किंवा लाईट जाऊन दमट हवा आत शिरताच थंड आरशांवर बाष्प धरते. बीबीओ ओलावा शोषतो आणि एकदा त्याचा पृष्ठभाग धुरकट झाला की पुसून उपयोग होत नाही. स्फटिक सिलिका जेलच्या बंद डबीत ठेवावा आणि डबी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावी. उकाडा सोसवत नाही म्हणून एसी वरचेवर चालू-बंद करणे उपकरणांना मुळीच मानवत नाही.

दूरचा पोलरायझर फिरवल्यावर जवळच्या एकट्या डिटेक्टरची मोजणी बदलली, तर त्यात प्रकाशाहून वेगवान संदेश शोधू नयेत. लेझरची शक्ती हलली आहे का, ते पाहावे.

मोजणीचा काळ चौपट केल्याने यादृच्छिक त्रुटी निम्मी होते, पण तापमानासोबत सरकणारी, डिटेक्टरकडे प्रकाश नेणाऱ्या फायबरची जुळणी त्याने सुधारत नाही. म्हणून कोन ०, १०, २० अशा क्रमाने न घेता उलटसुलट घ्यावेत आणि दर काही वाचनांनंतर एकाच ठरावीक कोनावर परतून तेथील मोजणी तपासावी.