वायफाय जोडलेलं, तरी साइट उघडत नाही?

अशा वेळी आपण सवयीने राउटर बंद-चालू करतो. त्याआधी अर्धं मिनिट काढून दोष लाइनचा आहे की डीएनएसचा (साइटच्या नावावरून तिचा आकड्यांतला पत्ता शोधणारी यंत्रणा), ते बघा.

१. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट (कमांड टाइप करायची खिडकी) उघडून पिंग (ping, समोरून उत्तर येतं का ते बघणारी कमांड) लिहा, एक जागा सोडून ८.८.८.८ (सगळं इंग्रजीत) आणि एंटर दाबा. हा गूगलच्या डीएनएस सर्व्हरचा पत्ता.

२. 'रिप्लाय फ्रॉम ८.८.८.८' अशा ओळी आल्या, तर लाइन ठीक आहे. आता तसंच पिंग एखाद्या साइटच्या नावाने करा. 'कुड नॉट फाइंड होस्ट' आलं की चोर सापडला: नावावरून पत्ता शोधणारं डीएनएसच अडलंय. राउटरला उगाच शिव्या नकोत!

३. मग त्याच खिडकीत 'आयपीकॉन्फिग', एक जागा, मग तिरकी रेघ (/) लगेच 'फ्लशडीएनएस' जोडून, सगळं इंग्रजीत लिहा (ipconfig /flushdns). जुने साठलेले पत्ते पुसले जातात. तरी जमलं नाही, तर नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएस १.१.१.१ (क्लाउडफ्लेअर कंपनीचा डीएनएस सर्व्हर) करून बघा.

पहिल्याच पायरीला 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' आलं, तर बहुधा लाइनच गेलेली असते. मग खुशाल राउटर बंद-चालू करा. (काही ऑफिसांत मात्र पिंगच अडवलेलं असतं.)

ऑफिसच्या लॅपटॉपवर डीएनएस परस्पर बदलू नका, आतल्या साइट उघडायच्या बंद होतील. घरीसुद्धा जुनी सेटिंग आधी फोटो काढून ठेवा.