वर्कबेंचसाठी मीटर, स्कोप, आयर्न घेताय? या चुका टाळा

एका छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाच्या क्लॉकवर (ठरावीक ठेक्याने चालू-बंद होणाऱ्या सिग्नलवर) स्कोप, म्हणजे सिग्नलचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप, लावला, तर सिग्नलच्या प्रत्येक कडेला लहरींचा झुपका दिसत होता. आठवडाभर मी त्या बोर्डावर कपॅसिटर बदलून पाहिले, सिरीजमध्ये रेझिस्टर टाकून पाहिले. काही फरक पडेना. शेवटी प्रोबची, म्हणजे सर्किटला टेकवायच्या स्कोपच्या टोकाची, लांब अर्थ वायर काढली, टोकापाशी छोटी स्प्रिंग लावली आणि झुपका जवळजवळ नाहीसा झाला. दोष बोर्डात नव्हता, स्कोपमध्येही नव्हता. तो पंधरा सेंटिमीटर वायरमध्ये होता.

तेव्हापासून कुणी बेंच मांडायला निघालं की मी आधी एवढंच सांगते: सगळे पैसे डब्यावर, म्हणजे उपकरणावर, घालू नका, सर्किटला जे टेकतं त्यासाठी राखून ठेवा. प्रोब, लीड (मीटरच्या वायरी), बिट (सोल्डरिंग आयर्नचं तापणारं टोक), सोल्डर, क्लिपा. खरेदीच्या वेळी आपण डब्यावर छापलेले आकडे वाचतो आणि ही टोकं ‘सोबत मिळतात’ म्हणून सोडून देतो. पुढे वर्षभर छळतात ती हीच टोकं.

मीटर: जास्त आकडे म्हणजे जास्त अचूक, हा समज

६००० काउंटचा, म्हणजे सुमारे ६००० पर्यंत आकडे दाखवू शकणारा, मीटर ५ व्होल्ट ‘५.०००’ असे दाखवतो आणि ते तीन दशांश पाहून मन सुखावतं. पण माहितीपत्रकात अचूकता ±(०.५% + ३ डिजिट) लिहिली असेल तर हिशेब असा होतो: पाच व्होल्टचा अर्धा टक्का म्हणजे ०.०२५, त्यात शेवटच्या स्थानाचे तीन, म्हणजे ०.००३. खरा व्होल्टेज ४.९७२ ते ५.०२८ यांच्यामध्ये कुठेही असू शकतो. शेवटचे दोन आकडे बदल पाहायला उपयोगी आहेत, खरी किंमत ठरवायला नाहीत. मीटर निवडताना काउंटआधी ही ओळ वाचा. कंटिन्युटीचा (दोन टोकं जोडलेली आहेत हे सांगणारा) बीप किती चटकन वाजतो तेही पाहा. लीड टेकवल्यावर अर्धा सेकंद थांबून वाजणारा मीटर वीस पिनांचा कनेक्टर तपासताना जीव नकोसा करतो.

आता मीटर सर्किटचं काय करतो ते पाहू. बहुतेक डिजिटल मीटरचा इनपुट रेझिस्टन्स व्होल्टेजसाठी १० मेगाओहम असतो. ९ व्होल्टवर १० मेगाओहमचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये लावून मधला व्होल्टेज मोजा. हिशेबाने ४.५ यायला हवा, मीटर ३ दाखवतो. मीटर बिघडलेला नाही. खालच्या रेझिस्टरला मीटरचे १० मेगाओहम पॅरलल लागले, तिथे ५ मेगाओहम झाले आणि व्होल्टेज खरोखरच ३ वर आला. बॅटरीवर चालणाऱ्या सर्किटात असे मोठे रेझिस्टर सर्रास असतात, म्हणून हे लक्षात असू द्या.

करंट मोजताना याच्या उलट घडतं. मायक्रोअँपिअर रेंजमध्ये पुष्कळ मीटरच्या आत शंभर ओहमच्या आसपासचा शंट, म्हणजे करंट मोजायचा रेझिस्टर, असतो. ३ मिलिअँपिअर वाहिले तर ०.३ व्होल्ट मीटरमध्येच पडतात. ३.३ व्होल्टचा वायरलेस बोर्ड झोपेत किती करंट खातो हे पाहायला आपण मीटर लावतो, बोर्ड जागा होऊन एकदम जास्त करंट ओढतो, व्होल्टेज कोसळतो आणि बोर्ड रीसेट होतो. मग लोक प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतात. मोठ्या रेंजवर ठेवून पाहा. रीसेट थांबला तर कारण कळलं.

मीटर करंटसाठी सतत शून्य दाखवत असेल तर पहिला संशय आतल्या फ्यूजवर. मागच्या वेळी करंटच्या सॉकेटमध्ये राहिलेली लीड व्होल्टेज मोजायला सप्लायवर टेकली, की फ्यूज गेलाच. अनेक मीटरमध्ये तो न उघडता तपासता येतो: नॉब ओहमवर ठेवा, लाल लीड नेहमीच्या सॉकेटमध्ये लावा आणि तिचं टोक मिलिअँपिअरच्या सॉकेटमध्ये घाला. काहीच रीडिंग आलं नाही तर फ्यूज उडालेला आहे. रीडिंग विनाकारण जास्त येऊ लागलं तर मीटरची बॅटरी बदला. बॅटरी उतरल्यावर काही मीटर चढे आकडे दाखवतात. रीडिंग उड्या मारत असेल तर लीड पिनपाशी वाकवून पाहा, तार तिथेच आतून तुटते.

फ्यूजच्या बाबतीत तडजोड नको. चांगल्या मीटरमध्ये वाळू भरलेला सिरॅमिक एचआरसी फ्यूज असतो, कारण जोराचा करंट तोडताना आतली ठिणगी विझायला हवी. त्याच्या जागी काचेचा साधा फ्यूज बसवला तर मेन्सवर (घरातल्या विजेच्या लाइनवर) तो फुटू शकतो, ठिणगी चालूच राहू शकते आणि मीटर हातात असतो. मीटर कुठे वापरायला सुरक्षित आहे ते सांगणाऱ्या कॅट २, कॅट ३ या खुणा आयईसी ६१०१० या मानकातल्या आहेत. सॉकेटला जोडलेली उपकरणं कॅट २ मध्ये येतात, इमारतीचं पक्कं वायरिंग कॅट ३ मध्ये, बाहेरून येणारी मुख्य लाइन कॅट ४ मध्ये. मीटरवर कॅट ३ आणि लीडवर कॅट २ असेल तर तुमचा संच कॅट २ धरायचा. इथेही टोकच ठरवतं. मला विचाराल तर मेन्सला हात लावणाऱ्याने मीटर आणि लीड या दोन गोष्टींत काटकसर अजिबात करू नये.

स्कोप: बँडविड्थचा आकडा वाचला, अर्थ नाही

१०० मेगाहर्ट्झचा स्कोप म्हणजे १०० मेगाहर्ट्झपर्यंत सगळं बिनचूक दाखवणारा स्कोप, अशी समजूत घट्ट आहे. त्या फ्रिक्वेन्सीला स्कोप खऱ्या उंचीच्या साधारण ७० टक्केच दाखवतो. या १०० च्या आकड्याला बँडविड्थ म्हणतात आणि तिची व्याख्याच तशी आहे. शिवाय स्क्वेअर वेव्हमध्ये तिप्पट, पाचपट फ्रिक्वेन्सीचे घटक असतात. २० मेगाहर्ट्झची स्क्वेअर वेव्ह ५० मेगाहर्ट्झच्या स्कोपवर गोलसर, साइनसारखी दिसते, कारण ६० आणि १०० मेगाहर्ट्झचे घटक मधेच गळून जातात. म्हणून क्लॉकच्या पाचपट बँडविड्थ घ्या, असा ढोबळ नियम आहे. कडा किती उभी दिसेल, म्हणजे चढायला किमान किती वेळ घेताना दिसेल, यासाठी ०.३५ भागिले बँडविड्थ करा: ५० मेगाहर्ट्झला ७ नॅनोसेकंद, १०० ला ३.५. ऑडिओ, मोटर, साधे मायक्रोकंट्रोलर बोर्ड यांना ५० मेगाहर्ट्झ पुष्कळ आहे.

सॅम्पल रेटच्या (स्कोप सेकंदाला किती वेळा मोजतो त्याच्या) आकड्याखालची बारीक ओळही वाचा. रिगोलचा डीएस१०५४झेड हा छंदवाल्यांत खूप चाललेला चार चॅनलचा स्कोप घ्या. त्याचा सेकंदाला १ अब्ज सॅम्पलचा वेग एकच चॅनल चालू असताना मिळतो. चारही लावले की प्रत्येकाला २५ कोटी येतात. यात लपवाछपवी नाही, अनेक स्कोपांत चॅनल हा वेग वाटून घेतात. मेमरीचंही गणित करून बघा. १ अब्जाच्या वेगाने १० लाख सॅम्पलची मेमरी एका मिलिसेकंदात भरते. लांबलचक सिग्नल स्क्रीनवर बसवला की स्कोप निमूटपणे वेग कमी करतो आणि सिग्नलमधला क्षणभराचा बारीक झटका दिसेनासा होतो, किंवा वेगवान सिग्नल संथ, खोट्या रूपात दिसतो. सिग्नलची फ्रिक्वेन्सी टाइमबेस (स्क्रीनवर किती वेळ मावतो ते सेटिंग) बदलल्यावर बदलताना दिसली, तर ती खोटी समजा.

आता प्रोब. नवा प्रोब लावला की आधी स्कोपच्या कॅलिब्रेशन टोकाला जोडा आणि प्रोबवरचा बारीक स्क्रू फिरवून स्क्वेअर वेव्हचे माथे सपाट करा. प्रोब एका चॅनलवरून दुसऱ्यावर नेला तरी पुन्हा पाहा. सिग्नल दहापट कमी किंवा जास्त दिसला तर प्रोबवरचा बारका स्विच आणि स्कोपमधलं सेटिंग जुळत नाही, एवढंच. ‘एक्स १’ वर (या स्थितीत सिग्नल जसाच्या तसा जातो, ‘एक्स १०’ वर दहापट कमी होऊन) प्रोब ठेवून वेगवान सिग्नल पाहू नका. त्या स्थितीत बँडविड्थ १० मेगाहर्ट्झच्याही खाली जाते आणि सर्किटवर १०० पिकोफॅरडच्या आसपास ओझं पडतं. प्रोब टेकवला की क्लॉक देणारा क्रिस्टल बंद पडतो, उचलला की चालू होतो, या तक्रारीचं मूळ हे ओझंच असतं. ३२.७६८ किलोहर्ट्झचा छोटा क्रिस्टल तर ‘एक्स १०’ च्या दहा-पंधरा पिकोफॅरडनेही थांबू शकतो. शक्य असेल तर त्याच्या पिनला प्रोब न लावता चिपच्या क्लॉक आउटपुटवर मोजा.

सुरुवातीच्या त्या झुपक्याचं कारणही इथेच आहे. वायरच्या दर सेंटिमीटरला सुमारे १० नॅनोहेन्री इंडक्टन्स धरला, तर १५ सेंटिमीटरला १५० होतो. प्रोबच्या बारा पिकोफॅरडशी तो जुळला की १२० मेगाहर्ट्झच्या आसपास घंटेसारखा वाजतो. प्रोबच्या पाकिटात ती छोटी स्प्रिंग बहुधा असते. ती फेकू नका.

जिवाशी गाठ असलेली चूक वेगळी आहे. साध्या बेंच स्कोपची अर्थ क्लिप थेट मेन्सच्या अर्थला जोडलेली असते, आणि सगळ्या चॅनलच्या क्लिपा आतून एकच असतात. एसएमपीएसच्या (मेन्सवरून कमी व्होल्टेज देणाऱ्या स्विचिंग सप्लायच्या) मेन्सकडच्या बाजूला ती क्लिप लावली की सरळ शॉर्ट होतो; प्रोब, बोर्ड, कधी स्कोपही जातो. यावर ‘स्कोपच्या प्लगची अर्थ पिन काढून टाक’ असा सल्ला अजूनही दिला जातो. तो कधीही ऐकू नका. तसं केलं की स्कोपच्या उघड्या धातूच्या भागांवर मेन्स येतो आणि आपण नॉब फिरवत असतो. त्या कामाला डिफरन्शिअल प्रोब (क्लिप अर्थला न जोडता दोन बिंदूंमधला व्होल्टेज मोजणारा) लागतो. तो नसेल तर ते मोजमाप करू नका. बोर्ड यूएसबीने डेस्कटॉप कॉम्प्युटरला जोडलेला असेल तर त्याचा ग्राउंडही अर्थलाच जातो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. अशा बोर्डावर क्लिप ग्राउंडऐवजी दुसऱ्या कुठल्या पिनवर लावली की तिथेही शॉर्टच.

आणि स्कोप खरंच हवा आहे का? सेन्सर आयटूसीवर (चिपांमधल्या दोन तारांच्या संवादावर) उत्तर देत नाही, सिरियल पोर्टवर कचरा येतो, एवढीच अडचण असेल तर आठ चॅनलचा, सेकंदाला २.४ कोटी सॅम्पल घेणारा छोटा यूएसबी लॉजिक ॲनालायझर आणि पल्सव्ह्यू हे मोफत सॉफ्टवेअर बहुतेक प्रश्न सोडवतात. ४०० किलोहर्ट्झच्या आयटूसीला हा वेग भरपूर आहे. मात्र त्याला फक्त शून्य आणि एक दिसतात. सिग्नल अर्धवट चढतोय की नाही, हे सांगायला स्कोपच लागतो.

सोल्डरिंग: वॅटकडे पाहिलं, बिटकडे नाही

नवशिक्याच्या आयर्नला बहुधा सुईसारखी टोकदार बिट असते. बारीक कामाला बारीक टोक, हे ऐकायला पटतं. पण उष्णता जाते ती चिकटलेल्या पृष्ठभागातून, आणि सुईचं टोक जेमतेम टेकतं. मग ग्राउंडच्या पॅडवर सोल्डर वितळत नाही, माणूस तापमान ४५० वर नेतो आणि पॅड उखडतो. दोन-अडीच मिलिमीटरची चपटी किंवा तिरकी कापलेली बिट घ्या, तापमान ३२० ते ३५० ठेवा. नव्वद टक्के कामं त्याच बिटने होतात, बारीक पिनांचे आयसीसुद्धा. आयर्न घेताना तापमान नियंत्रण आहे ना आणि त्याच्या बिटा सहज मिळतात ना, एवढं पाहिलं की पुरे.

सोल्डर वायर ६३/३७ ची (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं), आत रेझिन फ्लक्स (धातू स्वच्छ करून सोल्डर पसरू देणारा पदार्थ) असलेली घ्या. हे मिश्रण १८३ अंशांना एकदम वितळतं आणि एकदम घट्ट होतं, म्हणून थिजताना हललेला जोड कमी मिळतो. शिसं नसलेल्या सोल्डरला २१७ अंशांच्या पुढे जावं लागतं. नळकामाची आम्लयुक्त पेस्ट बोर्डावर कधीच नको. काही महिन्यांत तांबं हिरवं पडतं. धूर येतो तो शिशाचा नसून फ्लक्सचा, पण तोही दम्याला निमंत्रण देतो. छोटा पंखा धूर तोंडापासून लांब ओढेल असा ठेवा आणि शिसं हाताळल्यावर हात धुवा.

बिटवर सोल्डर गोळी होऊन ओघळतंय? बिट काळी पडली आहे. पितळी चोथ्यावर पुसा, फ्लक्स लावून ताजं सोल्डर चढवा आणि काम संपलं की त्या थरासकट ठेवा. कानस किंवा सँडपेपर लावू नका. वरचा लोखंडी थर गेला की आतलं तांबं सोल्डरमध्ये विरघळत जातं आणि बिटला खड्डा पडतो.

सप्लाय आणि बाकीचं

बेंच सप्लायला करंट लिमिट हवीच. ती लावायची पद्धत अशी: आधी व्होल्टेज ठरवा, आउटपुट शॉर्ट करून करंटचा नॉब हव्या त्या आकड्यावर आणा, शॉर्ट काढा, आउटपुट बंद करून मग सर्किट जोडा. पण लिमिटवर आंधळा भरवसा नको. सप्लायच्या तोंडाशी मोठा कपॅसिटर असतो आणि त्यात साठलेला चार्ज लिमिटला विचारत नाही. २० मिलिअँपिअर लावूनही चालू सप्लायला थेट जोडलेला एलईडी जाऊ शकतो. डिस्प्लेवर ५ व्होल्ट आणि बोर्डावर ४.७ दिसले तर वायरी तपासा. जाण्या-येण्याचा मिळून ०.१ ओहम असला तरी ३ अँपिअरला ०.३ व्होल्ट वाटेत जातात. सोबत आलेल्या क्रोकोडाइल क्लिपांमध्ये तार नुसती दाबलेली असते. ती सोल्डर करून घ्या.

साइड कटरने स्टीलची तार कापू नका, धारेला कायमचा खाच पडतो. हातातल्या अँटीस्टॅटिक पट्ट्यात १ मेगाओहम रेझिस्टर असतो, तो तुमच्या सुरक्षिततेसाठी आहे. पट्टा नाही म्हणून साधी वायर मनगटाला बांधू नका. कंपोनंट टेस्टरमध्ये चार्ज असलेला कपॅसिटर घातला तर टेस्टर गेलाच म्हणून समजा.

जुना स्कोप घ्यायला जाताना स्वतःचा, चांगला असल्याची खात्री असलेला प्रोब सोबत न्या. अर्धा तास चालू ठेवून गरम होऊ द्या, मग प्रत्येक चॅनलवर तीच स्क्वेअर वेव्ह पाहा, व्होल्टच्या नॉबची प्रत्येक पायरी फिरवा आणि रेघ उडते का ते बघा. इनपुटचं सॉकेट हलवल्यावर सिग्नल तुटला तर तो स्कोप तिथेच ठेवून या.